प्रवाळाच्या टाकीत कुणाचं सांडपाणी? फिल्टर मीडियाचा पावणेदोनशे वर्षांचा प्रवास

आज आपण 'मीडिया'बद्दल बोलणार आहोत. टीव्हीवरचा नाही, सोशलही नाही. फिश टँकच्या फिल्टरमध्ये जे काही भरतात ना, म्हणजे वाळू, कोळसा, सिरॅमिकच्या नळ्या, प्लॅस्टिकचे गोळे, गंजाच्या रंगाचे तपकिरी दाणे, त्या सगळ्याला दुकानात एकच नाव आहे: मीडिया. आणि आपली टाकी गप्पी-गोल्डफिशची नाही. आपण बोलतोय रीफ टँकबद्दल. घरात मीठ मिसळून समुद्राचं पाणी तयार करायचं आणि त्यात जिवंत प्रवाळ वाढवायचं, तो खटाटोप.

हा छंद ज्यांना आहे त्यांना ठाऊक असेल, दर दोन-चार वर्षांनी एक नवा मीडिया बाजारात येतो. डब्यावर प्रवाळाचा झकास फोटो असतो, आणि बोलण्याचा सूर असा की आतापर्यंत सगळे वेडे होते, खरा उपाय हाच. मग लोक तो आणतात, टाकीत घालतात. काहींची टाकी उजळते. काहींची पांढरी पडते, म्हणजे प्रवाळ मरतं.

आजचा प्रश्न साधा आहे: या वस्तू आल्या कुठून? कारण गंमत अशी की यातली जवळपास एकही वस्तू माशांसाठी किंवा प्रवाळासाठी शोधलेली नाही. कुणी शहराची गटारं साफ करायला शोधली, कुणी विषारी वायूपासून सैनिक वाचवायला, कुणी विहिरीतलं विष काढायला. आपल्या शोभेच्या टाकीत दुसऱ्यांच्या सांडपाण्याचा इतिहास भरलेला आहे.

आधी दोन मिनिटं रसायनशास्त्र, कंटाळू नका. मासा खातो आणि अमोनिया सोडतो. अमोनिया विष. काही जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, तेही विषच. दुसरे जिवाणू नायट्राइटचं नायट्रेट करतात, ते बरंच सौम्य. या दोन्ही कामांना ऑक्सिजन लागतो. पुढे नायट्रेटचा नायट्रोजन वायू होऊन तो हवेत उडून जाऊ शकतो, पण त्यासाठी नेमकी उलटी परिस्थिती लागते: ऑक्सिजन जवळजवळ नसलेली जागा. आणि फॉस्फेट? ते हवेत उडतच नाही. एक तर ते कुणीतरी खायचं, नाहीतर आपण ते पकडून बाहेर काढायचं. एवढं लक्षात ठेवा, पुढची सगळी भांडणं याच्यावरच आहेत.

आता चला १८४६ सालच्या इंग्लंडमध्ये.

ॲना थिन नावाच्या बाई टॉर्कीच्या समुद्रकिनाऱ्यावर गेल्या होत्या. नवरा लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत मोठ्या पदावरचा धर्मगुरू. बाईंना किनाऱ्यावर छोटं, कपासारखं दिसणारं कठीण प्रवाळ सापडलं आणि त्या त्याच्या प्रेमात पडल्या. बरणीत घालून ते त्यांनी लंडनला आणलं. वाटेत खडखडून फुटू नये म्हणून सुईदोऱ्याने चक्क स्पंजाला टाचून ठेवलं होतं! लंडनला समुद्र नाही. सुरुवातीला किनाऱ्यावरून पाणी मागवलं जायचं. ते पुरेना, तेव्हा बाईंनी असं ठरवलं की आहे तेच पाणी ताजं करायचं. कसं? उघड्या खिडकीसमोर उभं राहून एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात ओतायचं, परत पहिल्यात ओतायचं, रोज अर्धा-पाऊण तास. चहा गार करायला आपल्याकडे टपरीवर जसा वरून खाली ओततात, तसंच.

अर्थात ओतत कोण होतं? बाई नाही. त्यांची एक लहानशी मोलकरीण. प्रवाळाच्या इतिहासातला पहिला एअर पंप म्हणजे ती मुलगी. तिचं नाव कुणी लिहून ठेवलेलं नाही.

पुढच्या वर्षी, १८४७ मध्ये, बाईंनी त्यात समुद्रवनस्पती घातल्या. त्यांचं प्रवाळ जवळपास तीन वर्षं जगलं, त्याला पिल्लंही झाली. साधी गोष्ट नाही ही. आज हजारो रुपयांची यंत्रं लावूनही अनेकांच्या टाक्या तीन वर्षं टिकत नाहीत.

त्याच काळात रॉबर्ट वॉरिंग्टन नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने, १८५० च्या सुमारास, 'तोल' ही कल्पना मांडली: मासा, पाणवनस्पती आणि गोगलगाय नीट प्रमाणात ठेवा, पाणी बदलायची गरज नाही. मग १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात लोकांसाठी मत्स्यालय उघडलं, १८५४ मध्ये फिलिप हेन्री गॉस यांचं 'द ॲक्वेरियम' हे पुस्तक आलं आणि इंग्लंडला टाक्यांचं वेड लागलं. लोक किनाऱ्यावर जाऊन खडकातले जीव ओरबाडून आणायला लागले. बहुतेक टाक्या आठवड्याभरात सडायच्या. कारण 'तोल' ऐकायला छान असतो, पण वनस्पती अमोनियाचं काय करतात आणि काय करत नाहीत, हे कुणालाच माहीत नव्हतं. जिवाणूंचा तर विचारच नव्हता.

आणि हे सगळं कुठे चालू होतं बघा. बैठकीच्या खोलीत काचेच्या टाकीत स्वच्छ पाण्याची नवलाई, आणि बाहेर थेम्स नदीत अख्ख्या शहराचं मलमूत्र. १८५४ ला कॉलरा. १८५८ च्या उन्हाळ्यात तर नदीला एवढी दुर्गंधी सुटली की ती घटना इतिहासात 'ग्रेट स्टिंक' या नावानेच नोंदली गेली. पिण्याचं पाणी वाळूतून गाळायची पद्धत जेम्स सिम्पसन यांनी चेल्सीला १८२९ पासूनच सुरू केली होती, आणि १८५२ च्या कायद्याने लंडनच्या पाणी कंपन्यांना नळाचं पाणी गाळून देणं सक्तीचं झालं. वाळूने पाणी स्वच्छ होतं हे सगळ्यांना दिसत होतं. पण का होतं? लोकांना वाटायचं, चाळणीसारखं होत असेल. पिठातला कोंडा जसा वर राहतो, तशी घाण वर राहते.

हे चुकीचं होतं, आणि ते कळलं पॅरिसच्या गटाराच्या पाण्यावरून.

१८७७ साल. थेओफिल श्लोसिंग आणि आशिल म्युंत्स या दोन फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी एक उंच नळी घेतली. त्यात तापवून निर्जंतुक केलेली वाळू आणि थोडी चुनखडी भरली. वरून सांडपाणी अगदी हळूहळू सोडायला सुरुवात केली, खालून गोळा केलं. पहिला दिवस, काही नाही. जेवढा अमोनिया वरून, तेवढाच खालून. दुसरा, तिसरा, दहावा दिवस, तेच. साधारण वीस दिवस असे गेले. आणि मग अचानक खालून नायट्रेट यायला लागलं, आणि थोड्याच दिवसांत अमोनिया नाहीसा झाला.

आता विचार करा. काम जर वाळूचं असतं, तर पहिल्याच दिवशी झालं असतं. वाळू तीच, पाणी तेच. वीस दिवसांत वाढलं काय? यावर त्यांनी पुढची चाल केली ती माझ्या मते विज्ञानातल्या सगळ्यात देखण्या चालींपैकी एक आहे. नळीत क्लोरोफॉर्मची वाफ सोडली. नायट्रेट बंद! क्लोरोफॉर्म काढून टाकला, तरी बंदच. मग साध्या मातीचं धुवण वरून ओतलं, आणि काही दिवसांत नायट्रेट परत सुरू. म्हणजे काम करणारे जिवंत होते, वाळू फक्त त्यांची चाळ होती. खोल्या जास्त, तेवढे भाडेकरू जास्त. पुढे १८९० मध्ये सेर्गेई विनोग्राड्स्की यांनी हे जिवाणू वेगळे काढून दाखवले.

रीफ टँकवाल्यांनो, नवीन टाकी लावल्यावर दुकानदार तुम्हाला म्हणतो ना, "तीन-चार आठवडे थांबा, टाकी सायकल होऊ द्या"? ते तीन-चार आठवडे म्हणजे श्लोसिंगचे वीस दिवस.

यानंतर सांडपाणीवाल्यांना दिशाच मिळाली. १८९० च्या दशकात इंग्लंडमध्ये, सॉलफर्डसारख्या शहरांत, दगडांच्या ढिगावर सांडपाणी शिंपडायचे फिल्टर आले. पाणी दगडांवरून पातळ थराने ओघळतं, मधून हवा खेळते, जिवाणूंना भरपूर ऑक्सिजन मिळतो. हे नाव लक्षात ठेवा: ट्रिकलिंग फिल्टर. नव्वद वर्षांनी ते आपल्या दिवाणखान्यात येणार आहे.

मधला काळ मी भरभर सांगतो. विसाव्या शतकाच्या मध्याला विमानं आली, प्लॅस्टिकच्या पिशव्या आल्या, आणि कोरल रीफवरचे रंगीत मासे हजारो मैलांवर जिवंत पोचायला लागले. १९५९ मध्ये मायामीच्या रॉबर्ट स्ट्रॉन यांनी घरच्या खाऱ्या टाकीवर पुस्तक लिहिलं. तेव्हाची पद्धत म्हणजे तळाशी भोकांची जाळी, वर प्रवाळाचा चुरा किंवा डोलोमाइटची जाड खडी, आणि हवेच्या बुडबुड्यांनी पाणी त्या खडीतून खाली ओढायचं. म्हणजे परत श्लोसिंगचीच नळी, फक्त आडवी केलेली. १९६४ मध्ये 'इन्स्टंट ओशन' हे तयार मीठ आलं, आणि समुद्रापासून दूर राहणाऱ्याला लिटरमागे पस्तीसेक ग्रॅम मीठ घालून समुद्र बनवता यायला लागला. आपल्याकडे आज पुण्या-नागपूरचे लोक असंच मीठ आरओच्या पाण्यात कालवतात. आरओवरून आठवलं: पहिला खऱ्या अर्थाने उपयोगी आरओ पडदा अमेरिकेत, कॅलिफोर्नियातल्या विद्यापीठात, सिडनी लोब आणि श्रीनिवास सौरीराजन या दोघांनी १९६० च्या सुमारास बनवला. सौरीराजन आपले, भारतात जन्मलेले. तो पडदाही समुद्राचं पाणी पिण्यायोग्य करण्यासाठी होता. आपण तो वापरतो पाणी शुद्ध करून त्यात परत मीठ घालायला! असो.

या खडीच्या टाकीत मासे जगायचे. प्रवाळ मात्र मरायचं. नायट्रेट साचत जायचं आणि खडीत घाण अडकत जायची.

तोडगा आधीच छापून आला होता, आणि जवळपास कुणी लक्ष दिलं नाही. १९६१ मध्ये जकार्ताच्या ली चिन एंग यांनी एका अमेरिकी मत्स्यछंदी मासिकात लिहिलं की फिल्टर लागतच नाही. समुद्रातून खडक आणा, असा खडक की ज्याच्या प्रत्येक भोकात काही ना काही जगतंय. समुद्राचं पाणी घाला, हवेचे सावकाश बुडबुडे सोडा. बस. त्यांच्या टाकीत प्रवाळ वाढत होतं. पण लोकांना ते अंधश्रद्धेसारखं वाटलं. शिवाय शिकागोत बसलेल्या माणसाला जकार्तासारखा ताजा खडक मिळणार कुठून? माझ्या मते आणखी एक कारण होतं: दगडाच्या डब्यावर कंपनीचं नाव छापता येत नाही.

त्या सच्छिद्र दगडात खरं काय होतं, ते आपण आता सांगू शकतो. बाहेरच्या पृष्ठभागावर ऑक्सिजन, तिथे अमोनियाचं नायट्रेट होतं. आत, काही मिलिमीटर खोल, ऑक्सिजन संपतो, तिथे नायट्रेटचा नायट्रोजन होतो. एकाच दगडात दोन्ही कारखाने.

जर्मनीतल्या लोकांनी मात्र हा धागा पकडला. तिथे प्रोटीन स्किमर आधीपासून होता, म्हणजे पाण्यात बारीक बुडबुडे सोडून फेस करायचा आणि फेसाबरोबर घाण बाहेर काढायची, मांस कुजायच्या आत. डाळ शिजताना वरचा फेस काढून टाकतो ना आपण, त्याच चालीचं. पेटर विल्केन्स यांनी १९७० च्या दशकात प्रवाळाला चुन्याची निवळी द्यायची पद्धत लोकप्रिय केली. पानवाल्याच्या चुन्याची निवळी डोळ्यासमोर आणा, जवळपास तेच. आणि बर्लिनमध्ये डिट्रिश श्ट्युबर आणि त्यांच्या मंडळींनी जिवंत खडक, दमदार स्किमर आणि तीव्र प्रकाश एवढ्यावर कठीण प्रवाळ वाढवून दाखवलं. त्यांच्या टाकीतल्या एका फांदीचे तुकडे हातोहात जगभर गेले. ही 'बर्लिन पद्धत'.

पण अमेरिकेत १९८६ मध्ये वादळ आलं ते वेगळंच. जॉर्ज स्मिट या डच माणसाने तिथल्या एका मासिकात लेखमाला लिहिली, आणि 'मिनी रीफ' हा शब्द घरोघरी गेला. त्यांच्या टाकीखाली होता ट्रिकलिंग फिल्टर. हो, तोच, सॉलफर्डवाला! दगडांच्या जागी गुंडाळलेल्या जाळीची वळकटी, आणि काही दिवसांत काटेरी प्लॅस्टिकचे गोळे, बायोबॉल. त्या काळात बायोबॉल नसलेली टाकी म्हणजे टाकीच नव्हे.

अमोनिया शून्य झाला. मासे खूश. पण नायट्रेट? ते वाढतच राहिलं. कारण बायोबॉल हा नुसत्या दिवाणखान्याचा वाडा आहे. सगळ्या खोल्या हवेशीर. बिनऑक्सिजनचा अंधारा कोपरा कुठेच नाही, मग नायट्रेटचा वायू करणारे जिवाणू राहणार कुठे? सांडपाण्याच्या कारखान्याला नायट्रेट चाललं असतं, तो ते नदीत सोडून देतो. टाकीला नदी नसते. उसनी घेतलेली वस्तू आपल्या मूळच्या सवयी सोबत घेऊन येते, ती ही अशी. काही वर्षांतच त्याच मासिकांत बायोबॉलला 'नायट्रेटचा कारखाना' म्हणायला लागले आणि लोक ते मूठमूठ करून बाहेर काढायला लागले.

याच सुमारास आणखी दोन वाटा निघाल्या, थोडक्यात सांगतो. वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात वॉल्टर एडी यांनी १९८० मध्ये जिवंत रीफ मांडलं, आणि फिल्टर म्हणून वापरलं शेवाळ! जाळीवर शेवाळ वाढवायचं, खरवडून फेकायचं, त्याबरोबर नायट्रेट आणि फॉस्फेट दोन्ही बाहेर. ऑस्ट्रेलियात टाउन्सव्हिलला १९८७ मध्ये उघडलेल्या अवाढव्य रीफ टाकीलाही तीच पद्धत लावली. दुसरी वाट फ्रान्समधली: नीसच्या जाँ झोबेर यांनी वाळूच्या जाड थराखाली पाण्याची रिकामी पोकळी ठेवली, म्हणजे वाळूत खोलवर ऑक्सिजन अगदी कमी पण पूर्ण शून्य नाही, अशी जागा मिळते. दोन्हींचे भक्त आजही आहेत आणि एकमेकांशी भांडतात.

१९९० नंतर बर्लिन पद्धत जिंकली. आणि जिंकली म्हणून नवा प्रश्न उभा राहिला. जिवंत खडक हवा, म्हणजे तो समुद्रातून तोडायला हवा. फ्लोरिडाने १९८९ मध्येच आपल्या हद्दीतून तो काढायला मनाई केली. मग भार पडला फिजी, इंडोनेशियावर. फिजीनेही २०१७ च्या अखेरीस प्रवाळ आणि जिवंत खडकाची निर्यात बंद केली. ॲना थिनच्या काळात जे इंग्लंडच्या किनाऱ्याचं झालं, तेच दीडशे वर्षांनी पॅसिफिकमध्ये, मोठ्या प्रमाणावर.

इथे आपल्या श्रोत्यांसाठी एक गोष्ट स्पष्ट सांगतो, कारण ट्रिपला गेल्यावर कुणाच्या तरी डोक्यात येतंच. मालवणच्या समुद्रात प्रवाळ आहे. कच्छच्या आखातात आहे, लक्षद्वीप-अंदमानला आहे. भारतात कठीण प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, २००१ पासून. पहिली अनुसूची, म्हणजे वाघ जिथे आहे तिथे. त्यामुळे "एक छोटा दगडच तर उचलला" हे वाक्य चालत नाही, मेलेला पांढरा तुकडा असला तरी नाही.

जिवंत खडक मिळेनासा झाला, तेव्हा त्याची नक्कल करायची धडपड सुरू झाली, आणि आजच्या दुकानातले बहुतेक मीडिया तिथून आले. जर्मनीच्या काच कंपनीने आतून सूक्ष्म छिद्रं असलेली काचेची कडी बनवली, सिपोरॅक्स नावाची. सिरॅमिकच्या विटा आल्या. नॉर्वेत १९८० च्या दशकाच्या शेवटी हालवार्ड ओडेगार्ड आणि सहकाऱ्यांनी शहरी सांडपाण्यासाठी सेंटीमीटरभर व्यासाची प्लॅस्टिकची चाकं शोधली, जी पाण्यात सतत घुसळत राहतात. बाहेरचा थर एकमेकांवर घासून निघून जातो, आतला टिकतो. तीच चाकं आज मत्स्यछंदी लोक वापरतात. आणि पुण्या-मुंबईच्या कितीतरी सोसायट्यांच्या एसटीपीमध्येही तसलीच चाकं फिरतायत. कधी तुमच्या सोसायटीचा एसटीपी बघा, वास सहन होत असेल तर.

आता माझा सगळ्यात आवडता किस्सा, तपकिरी दाण्यांचा.

१९८३ मध्ये कोलकात्यात डॉ. के. सी. साहा यांच्याकडे ग्रामीण भागातले रुग्ण आले, त्वचेवर विचित्र डाग आणि तळव्यांना गाठी. निदान झालं: आर्सेनिक. कूपनलिकांच्या पाण्यातून येणारं. पश्चिम बंगाल आणि बांगलादेशातलं ते मोठं संकट हळूहळू जगासमोर आलं. तिकडे जर्मनीने १९९६ पासून पिण्याच्या पाण्यातल्या आर्सेनिकची मर्यादा लिटरला १० मायक्रोग्रॅमवर आणली. त्यासाठी बर्लिनच्या तांत्रिक विद्यापीठात मार्टिन येकेल, विल्हेल्म ड्रीहाउस आणि सहकाऱ्यांनी लोखंडाच्या हायड्रॉक्साइडचे दाणे बनवले. सोप्या भाषेत, खास पद्धतीने तयार केलेला गंज. आर्सेनिक त्याला चिकटून बसतं. पुढे हे दाणे बंगालमध्येही पोचले.

आता आवर्त सारणी आठवा, दहावीतली. नायट्रोजनच्या खाली फॉस्फरस, त्याच्या खाली आर्सेनिक. एकाच घरातले भाऊ. जो दाणा आर्सेनेट धरतो तो फॉस्फेटही धरतो. बंगालच्या विहिरीत ही अडचण होती, कारण फॉस्फेट दाण्यावरची जागा अडवतं. रीफवाल्यांना मात्र लॉटरी लागली! हेच दाणे नव्या डब्यात आले, आणि फॉस्फेट, जे आतापर्यंत कुठल्याच दगडाने वायू करून उडवलं नव्हतं, ते एका दिवसात खाली यायला लागलं.

आणि तिथेच घोळ झाला. वर्षानुवर्षं शिकवण एकच होती: प्रवाळाला स्वच्छ पाणी लागतं, नायट्रेट-फॉस्फेट शून्याकडे न्या. आता हातात इतकं ताकदीचं हत्यार आलं की शून्य खरंच गाठता आलं. सोबत बायोपेलेट आले, जिवाणूंना खायला म्हणून टाकायचे प्लॅस्टिकचे दाणे. हे प्लॅस्टिक जिवाणू स्वतःच बनवतात, पॅरिसच्या पाश्चर संस्थेत मॉरिस लेम्वान्य यांनी १९२६ मध्ये त्याचं वर्णन केलं होतं. तर, पाणी स्फटिकासारखं झालं आणि प्रवाळ फिकं पडायला लागलं. टोकं जळाली, काही ठिकाणी तपकिरी चिकट बुरशीसारखे डायनोफ्लॅजेलेट सगळ्या टाकीवर पसरले.

इंग्लंडच्या साउथॅम्प्टन विद्यापीठात योर्ग वीडेनमन आणि सेसिलिया डी'अँजेलो यांची प्रयोगशाळा आहे. ते प्रवाळ टाक्यांतच वाढवून अभ्यासतात, म्हणजे आपल्यासारखेच म्हणा. त्यांच्या गटाने २०१३ मध्ये दाखवलं की पाण्यात नायट्रोजन आहे पण फॉस्फेटची उपासमार आहे, अशी विषम परिस्थिती झाली तर प्रवाळाच्या पेशीत राहणारी शेवाळं अडचणीत येतात, आणि उष्णता व प्रकाशाचा ताण आला की प्रवाळ लवकर पांढरं पडतं. म्हणजे फॉस्फेट जास्त झालं तर वाईट, आणि एकटं फॉस्फेट काढून घेतलं तर तेही वाईट. हा निष्कर्ष फक्त टाकीपुरता नाही. किनाऱ्यावरच्या शेतीतून, गटारातून समुद्रात नायट्रोजन जातो, तिथल्या खऱ्या रीफचाही हाच प्रश्न आहे.

कोळशाबद्दल बोलल्याशिवाय हा भाग संपवता येणार नाही, तो सगळ्यात जुना. सक्रिय कोळशाची पेटंटं राफाएल फॉन ऑस्ट्रेइको यांनी १९०० च्या सुमारास घेतली, साखर वगैरेचा रंग काढायला. मग पहिलं महायुद्ध, विषारी वायू, आणि मुखवट्यात भरायला कोळसा. तो सगळ्यात चांगला बनतो नारळाच्या करवंटीपासून! अमेरिकेत १९१८ मध्ये करवंट्या कमी पडल्या तेव्हा लोकांना पीचच्या कोयी साठवून द्यायचं आवाहन झालं होतं. कोकणात आपण बंबात जाळतो ती वस्तू.

टाकीत कोळसा पाण्याचा पिवळेपणा काढतो, झकास काम. पण अनेक वर्षं कुजबुज होती की कोळशामुळे सर्जन माशांच्या डोक्यावर आणि अंगावरच्या रेषेवर चट्टे पडतात. अर्धे म्हणायचे थोतांड, अर्धे शपथेवर सांगायचे. २०११ मध्ये अमेरिकेच्या टोलेडो प्राणिसंग्रहालयातले जे हेमडल आणि अँड्र्यू ओडम यांनी सरळ प्रयोगच केला. एकाच जातीचे मासे, एका व्यवस्थेत लिग्नाइटचा भुसभुशीत कोळसा, दुसरीत कठीण गोळ्यांचा, तिसरीत काहीच नाही. लिग्नाइटवाल्यांना ठळक चट्टे. गोळ्यांच्या कोळशात त्रास खूपच कमी. काहीच नसलेले ठणठणीत. वर्षानुवर्षांचं भांडण एका रिकाम्या तिसऱ्या टाकीने बरंचसं मिटवलं.

तर तुम्ही जर आता नवा मीडिया आणणार असाल, तर श्लोसिंगची नळी आठवा. एका वेळी एकच गोष्ट बदला. मीडिया नवा, लाइट नवा आणि मीठही नवं, असं एकाच रविवारी केलंत तर पुढे जे होईल त्याचं कारण ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. लोखंडाचे दाणे असतील तर डब्यावर लिहिलंय त्याच्या पाव हिश्श्याने सुरू करा, आधी बादलीत धुऊन घ्या, आणि फॉस्फेट दर दोन दिवसांनी मोजा. लक्ष्य म्हणून ०.०३ मिलिग्रॅमच्या आसपासचा आकडा लोक सांगतात. तो गाठायचा कधी, तर आठवड्यांत, रात्रीतून नाही. जिवाणूंचं घर असलेला मीडिया बदलत असाल तर जुना लगेच फेकू नका, दोन्ही महिनाभर शेजारी राहू द्या, भाडेकरूंना सामान हलवायला वेळ लागतो. आणि आकडे वहीत लिहा. ॲना थिन लिहीत होत्या, म्हणून १८५९ मध्ये त्यांची निरीक्षणं शास्त्रीय नियतकालिकात छापून आली आणि आज आपण त्यांच्याबद्दल बोलू शकतोय.

मुंबईत राहणाऱ्यांसाठी जाता जाता: मरिन ड्राइव्हचं तारापोरवाला मत्स्यालय १९५१ चं आहे, समुद्राला अगदी लागून. तिथल्या टाक्यांमागे काय काय होतं, पाणी कुठून यायचं, कसं गाळलं जायचं, याच्या आठवणी कुणाच्या आजोबांकडे, काकांकडे असतील, तिथे कुणी काम केलेलं असेल, तर आम्हाला व्हॉइस नोट पाठवा. त्यावर एक वेगळा भाग करायचाय. भेटू पुढच्या शुक्रवारी.